मामीच्या धवल्याची फाईल

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे. दिवसभर लोकांचे फोन — प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरलो, फाईल उघडत नाही — आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला, "रीस्टार्ट केलंत का?" सांगायचा मुद्दा, माझं डोकं त्याच पद्धतीने चालतं. काही बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं. गावाकडे कोणाला काय दिसलं, कोणाला कुठे झपाटलं, या गप्पा लहानपणापासून ऐकत आलोय. कंटाळा येऊन उठून जायचो. या पानावरचे अनुभव माझी बायको मनीषा मोठ्याने वाचून दाखवते आणि मी दर वेळी त्यातली चूक काढतो. आता तीच म्हणाली, "तुझं तू लिही. बघू कोण चूक काढतंय."

म्हणून लिहितोय. थोडं लांबेल, कारण मधलं काही गाळलं तर तुम्हाला वाटेल की मी तेवढंच लपवलं.

आधी माणसं सांगतो. बाळाराममामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. वांगणीच्या अलीकडे त्याचं गाव. थोडा भात लावतो, आजूबाजूला सगळी फार्महाऊसं झालीत. सुमनमामी त्याची बायको. रुपाली त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्यापेक्षा बरीच लहान, विठ्ठलवाडीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे.

मामी धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात प्रत्येक विधीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिने ओळ म्हणायची, बाकीच्या बायकांनी उचलायची. त्यात नवऱ्यामुलाचं नाव, नवरीचं नाव, आईबाप, मामा, सगळे गुंफायचे. मामीला कुठलंही नाव द्या, ती चालीत बसवायची. आवाज गोड वगैरे अजिबात नव्हता. जाड, जरासा घोगरा. पण मांडवात माईक नसला तरी शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला शब्द न् शब्द कळायचा.

मामी दोन वर्षांपूर्वी गेली. पोटात दुखतंय, पोटात दुखतंय करत अंगावर काढलं, आणि कळलं तेव्हा डॉक्टरांच्याही हातात फारसं काही राहिलं नव्हतं.

या वर्षी रुपालीचं लग्न ठरलं. मुलगा चिखलोलीचा, निखिल, चांगला मुलगा. साखरपुडा झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात रुपाली आमच्याकडे बदलापूरला आली.

"दादा, तुझ्या हळदीला आई गायली होती ना? त्याचं शूटिंग आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की. पण त्यात तिचा आवाज नाहीये."

हे खरं होतं. आमच्या लग्नाला अंबरनाथचा एक विडिओवाला होता. त्याने जी फिल्म बनवून दिली तिच्यात हळदीच्या सगळ्या भागावर सिनेमाची गाणी टाकली होती. मामीचं तोंड हलतंय आणि ऐकू येतोय कुठल्यातरी पिक्चरमधला ढोल! तेव्हा आम्हाला ते फार भारी वाटलं होतं.

"मग ओरिजिनल?"

ओरिजिनल होतं. विडिओवाल्याने धंदा बंद केला तेव्हा त्याने बोलावून कच्चं शूटिंग देऊन टाकलं होतं. मी माझी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क नेऊन भरून आणलं होतं. ती डिस्क तेव्हापासून आमच्या माळ्यावर, जुन्या चार्जरांच्या पिशवीत.

तुम्ही म्हणाल, मोबाईलवर काहीच नव्हतं का? फोटो-विडिओ ढीगभर होते. मामी बोलतेय, हसतेय, केक कापतेय, सगळं होतं. गाताना मात्र नीट कोणी घेतलंच नव्हतं, आणि जे दोन-चार तुकडे होते त्यात मागे डीजे दणाणत होता. ती गायची हे इतकं रोजचं होतं की कोणाला ते साठवून ठेवावंसं वाटलं नाही.

रुपालीचं म्हणणं साधं होतं. हळदीला दुसरी धवलारीण येईलच, पण पहिला धवला आईचा लागला पाहिजे. "त्यात तुझं नाव असलं तरी चालेल मला. आवाज तिचा पाहिजे, बस."

मामाला मात्र हे पटत नव्हतं. मी फोन केला तर म्हणाला, "कशाला रं उगाच? गेलेल्या मानसाचा आवाज मांडवान लावतान का? समदी रडतील." आणि फोन ठेवून दिला. मामी गेल्यापासून तिचा साधा केक कापतानाचा विडिओ कोणी लावला तरी मामा उठून अंगणात जायचा, हे मला माहीत होतं.

मी डिस्क काढली, लॅपटॉपला लावली. ड्राईव्ह दिसला. फोल्डर दिसले. हळदीच्या फोल्डरमध्ये पाच-सहा फाईली होत्या, त्यातल्या बाकीच्या सगळ्या आल्या, नुसत्या पाहुण्यांच्या आणि जेवणाच्या पंगतीच्या. सगळ्यात मोठी फाईल, जिच्यात हळद लावताना मामी गात होती, ती कॉपी होताना निम्म्यावर स्पीड शून्यावर आला. हिरवी पट्टी जागच्या जागी. मग मेसेज — डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक. म्हणजे डिस्कवरून जे वाचलं ते हिशोबात बसत नाहीये. आणि डिस्कमधून आवाज... टिक. टिक. टिक.

हा आवाज ओळखीचा आहे मला. डिस्क मरायला लागली की तिचं हेड पुन्हा पुन्हा त्याच जागी जाऊन वाचायचा प्रयत्न करतं, तोच तो आवाज.

तरी सगळं क्रमाने केलं. केबल बदलली. दुसरा पोर्ट. दुसरा लॅपटॉप. डिस्कचा हेल्थ रिपोर्ट काढला तर त्यात बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा, भरभरून. अशा वेळी विंडोज स्वतःच विचारतं, डिस्क दुरुस्त करू का? लोक हो म्हणतात आणि तिथेच माती होते, कारण मरणाऱ्या डिस्कवर ते आणखी लिहायला जातं. मी नाही म्हटलं आणि डिस्क काढून ठेवली.

शनिवारी ती घेऊन उल्हासनगरला गेलो, कॅम्प तीनला. तिथे मनोहरभाई म्हणून एक ओळखीचे सिंधी दुकानदार आहेत, आमच्या कंपनीचे जुने पार्ट मी त्यांच्याकडूनच घेतो. त्यांनी डिस्क कॉम्प्युटरला जोडली आणि कान लावून ऐकली.

"साईं, ये तो जाने वाला है," ते म्हणाले. "क्या है इसमें?"

"मामीचा आवाज आहे. गेली ती."

त्यांनी डिस्क हळूच काउंटरवर ठेवली. "मुंबई में लॅब है, भेज देता हूँ. पर वो खोलेंगे, टाइम लेंगे, गॅरंटी कोई नहीं देगा. शादी कब है?"

मी सांगितलं.

"तो फिर तू घर पे क्लोन मार. पूरी डिस्क का. कॉपी मत करना, बार-बार फाईल पे जाएगा तो मर जाएगी."

माझ्याही मनात तेच होतं. यात फाईल कॉपी करायची नसते. एक प्रोग्रॅम पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा बनवतो. चांगला भाग आधी वाचून घेतो, खराब भाग सोडून पुढे जातो, आणि शेवटी परत येऊन त्या खराब जागी थोडं थोडं करत डोकं आपटत बसतो. स्क्रीनवर नकाशा दिसतो. वाचलेलं हिरवं, न वाचलेलं लाल. जे शेवटपर्यंत वाचता येत नाही तिथे तो नुसती शून्यं भरतो.

आतल्या बेडरूममध्ये टेबलावर सेटअप लावला, डिस्कवर छोटा पंखा सोडला. ऑफिसला जाताना चालू, आल्यावर बघायचं. आठवडाभरात बाकीची डिस्क हिरवी झाली. राहिला एक लाल पट्टा, आणि तो बरोब्बर हळदीच्या त्या फाईलवर. तिथे दिवसेंदिवस टिक, टिक, टिक, आणि नकाशा जसाच्या तसा. मनीषा वैतागली. म्हणाली, "घरात कोणीतरी सतत दार वाजवतंय असं वाटतं मला."

रविवारी दुपारी रुपाली आली. मी तिला लाल पट्टा दाखवला, सांगितलं की बहुतेक होणार नाही. ती टेबलाशेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढून बसली आणि डिस्ककडे बघत राहिली.

टिक-टिक थांबलं.

मला वाटलं, गेली डिस्क. स्क्रीन बघितली तर प्रोग्रॅम चालू होता. लाल पट्टा एका टोकाकडून हिरवा व्हायला लागला होता. हळू, पण होत होता.

"दादा, होतंय ना रे?"

"होतंय. गप्प बस जरा." तिच्या बोलण्याने बिघडेल असं मला का वाटलं कोणास ठाऊक.

थोड्या वेळाने मनीषाने तिला चहा गाळायला हाक मारली. ती उठून किचनमध्ये गेली. टिक. टिक. ती चहा घेऊन आली, बसली. आवाज बंद, पट्टा पुढे.

मी मनात नोंद घेतली आणि लगेच स्वतःवर हसलो. डिस्क खराब होते तेव्हा असं चालू-बंद होतंच. तरी मग मी तिला मुद्दाम पाणी आणायला पाठवलं. टिक-टिक. परत आली, शांत. गॅलरीतले कपडे काढायला पाठवलं. टिक-टिक. म्हटलं, तिच्या खुर्चीचा पाय टेबलाला टेकतोय, त्याने व्हायब्रेशन कमी होत असेल. म्हणून त्याच खुर्चीवर, त्याच जागी मनीषाला बसवलं. काही फरक नाही. मी बसलो. नाही. सीलिंग फॅन बंद करून बघितला, रुपालीचा मोबाईल बाहेर ठेवून बघितला. तिने तोवर ओळखलं होतं मी काय करतोय ते.

"दादा," ती म्हणाली, "मी जात नाही आता कुठे. तू चालू ठेव."

मग ती संध्याकाळपर्यंत तिथेच बसली. मोबाईलवर लग्नाच्या ब्लाऊजचे डिझाईन बघत, मध्येच काहीतरी गुणगुणत. पट्टा हिरवा होत होत अगदी बारीक लाल रेघ उरली, आणि ती मात्र हलेना. शेवटी डिस्कने एक लांब कर्रर आवाज केला आणि बंद पडली. परत लावली तर लॅपटॉपला दिसलीच नाही. नंतर मनोहरभाईंनाही दिसली नाही. "गई," एवढंच म्हणाले.

प्रतिमेतून फाईल बाहेर काढली. उघडली. चालली! सुरुवातीला माझ्याच घरचं अंगण, पाट, मी पिवळाधमक होऊन बसलोय, केस भरपूर. रुपाली म्हणाली, "थांब. आज नको. मी पप्पांना घेऊन येते. एकदा तरी ऐकू दे त्यांना."

पुढच्या रविवारी ती मामाला घेऊन आली. निमित्त पत्रिका वाटायचं होतं. मामाने जेवण केलं, हॉलमध्ये बसला. रुपालीने त्याला खूप समजावलं.

"तुमी बगा," तो म्हणाला. "मना काय नाय बगाचा. मी हितंच बरा." आणि टीव्ही लावला.

आम्ही तिघं आत गेलो. दार लोटून घेतलं, बाहेर आवाज जास्त जाऊ नये म्हणून. मी आणि मनीषा पलंगावर, लॅपटॉप टेबलावर. रुपाली माझ्या मागे उभी. खुर्ची होती, पण ती बसली नाही.

मामी गात होती. माझं नाव, मनीषाचं नाव, माझ्या आईचं. मागून बायका ओळ उचलत होत्या, भांड्यांचे आवाज, कोणाचं तरी तान्हं रडत होतं. मनीषाने माझा हात धरला. मागे रुपालीचा श्वास ऐकू येत होता, तेवढाच. एक धवला संपला. बायका हसल्या, मामीने पाण्याचा ग्लास घेतला, ती कॅमेऱ्याकडे अर्धवट वळली — आणि चित्र गोठलं.

हे मला अपेक्षितच होतं. ती लाल रेघ इथे आली. मागचा गोंगाटही एकदम बंद झाला. मी रुपालीला म्हणणार होतो, घाबरू नकोस, थोडं पुढे नेतो.

तेवढ्यात मामीचा आवाज आला. गाण्यातला नाही, बोलण्यातला. अगदी नेहमीचा, किंचित चिडल्यासारखा.

"रुपे, कवरा येल उबी रेतंस गो? बस ना इकरं."

थोडा वेळ काही नाही. मग —

"आनि भायेर तुजा बापूस उबा हाय. त्याला पन बोलव. आत ये म्हनाव."

मग चित्र उडी मारून पुढे गेलं, पुन्हा गोंगाट, पुढचा धवला सुरू.

मला खरंच काही कळलं नाही, पहिला विचार काय आला तर हॉलमध्ये मामा टीव्ही बघतोय, बाहेर उभा कसा असेल? मनीषा उठली आणि तिने दार उघडलं.

मामा दाराबाहेर उभा होता. भिंतीला एक हात टेकून. हॉलमध्ये टीव्ही तसाच चालू.

रुपाली म्हणाली, "पप्पा, आई आत बोलावतेय."

तो आत आला, पलंगाच्या कडेला बसला, आणि रुपाली त्याच्या शेजारी बसली. पुढचे सगळे धवले त्याने ऐकले. रडला नाही. एकदा फक्त म्हणाला, "यो शेवटचा सबूद ती नेहमी लांबवायची," आणि मांडीवर बोटाने ठेका धरला.

आता तुम्ही म्हणाल — आणि मीही त्याच संध्याकाळी स्वतःला म्हणालो — की यात काय आहे? माझ्या हळदीला लहान रुपाली उभी असेल, मामा मांडवाबाहेर उभा असेल, मामीने हाक मारली असेल, ते रेकॉर्ड झालं असेल. योगायोग.

अडचण ही आहे की माझ्या हळदीला ते दोघंही नव्हते. रुपालीला तेव्हा कांजण्या आल्या होत्या. धवल्यांसाठी मामी हवी, म्हणून मामी आली आणि मामा रुपालीला सांभाळत घरी राहिला. मुलाच्या हळदीला सख्खा मामा नाही! आई त्यावरून इतकी रुसली होती की लग्नानंतर कितीतरी दिवस ती भावाशी बोलत नव्हती. घरातली ही प्रसिद्ध गोष्ट आहे, यात कोणाची आठवण चुकायचा प्रश्न नाही. मी पूर्ण अल्बम बघितला, कच्च्या शूटिंगची प्रत्येक फाईल बघितली. दोघंही कुठेच नाहीत.

मग दुसरी कोणी रुपाली? आईला विचारलं, मावशीला विचारलं, मनीषाच्या माहेरी विचारलं. मावशी म्हणाली, "आपला रुपेश असेल, त्याला सगळे रुप्या म्हणायचे." पण मामी 'उबी' म्हणते, 'उबा' नाही. मावशीला ऐकवलं तर तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "बंद कर ते."

तांत्रिक बाजूने तर आणखीच गोंधळ. अशा फाईलमध्ये चित्र आणि आवाज एकमेकांत गुंफलेले असतात. तुकडा गेला तर दोन्ही जातात. चित्र गोठलं म्हणजे आवाजही जायला हवा होता. ती लाल रेघ ज्या जागेवर आहे तिथे मी प्रतिमेत आत जाऊन बघितलं. नुसती शून्यं. आमच्या ऑफिसमधल्या एका हुशार मुलीला, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं, ती जागा शोधायला दिली. तिलाही शून्यंच मिळाली. "सर, इथे ऑडिओ असूच शकत नाही," ती म्हणाली. मी तिला तो तुकडा वाजवून दाखवला. तिने दोनदा ऐकला, मग म्हणाली की आपण जागा मोजायला चुकलो असणार. असेल. मी अजूनही तेच धरून चालतो. पण कुठे चुकलो ते दोघांनाही सापडलेलं नाही.

आणि आणखी एक. त्या दोन वाक्यांच्या मागे काहीही आवाज नाही. आधी आणि नंतर अंगणभर कलकलाट, मध्ये मात्र एखाद्या बंद खोलीत बोलावं तसं. हेडफोन लावून ऐकलं की हे जास्त जाणवतं. मी आता ते हेडफोन लावून ऐकत नाही.

मनीषाचं म्हणणं सरळ आहे. तिच्या मते मामी आली होती. रुपालीला विचारलं तर ती खांदे उडवते. "ती मलाच म्हणाली ना दादा. मी उभी होते, बस म्हणाली. तुला नक्की काय प्रॉब्लेम आहे?" तिला खरंच कळत नाही मला काय प्रॉब्लेम आहे, आणि मला तिला समजावून सांगता येत नाही.

हळदीला आम्ही मामीचा धवला लावला. तो तुकडा नाही, त्याच्या पुढचा. चिखलोलीची मंडळी येऊन बसली होती, डीजेवाल्याला थांबवलं, मी लॅपटॉप त्याच्या स्पीकरला जोडला. नवीन धवलारीण, शेजारच्या गावातली म्हातारी बाई, पुढे सरसावून बसली. मामीने ओळ म्हटली, त्यात नाव 'प्रमोद' आणि 'मनीषा'. क्षणभर कोणी काही उचलेना. मग त्या म्हातारीने तीच ओळ उचलली आणि माझ्या नावाच्या जागी निखिलचं नाव घातलं, मनीषाच्या जागी रुपालीचं. पुढच्या ओळीला सगळ्या बायका तिच्या मागे. स्पीकरमधून मामी आमची नावं घेत होती आणि मांडवातून तिच्या लेकीचं नाव येत होतं. मामाने सांगितल्यासारखी रडारड झाली, पण कोणाची तक्रार नव्हती. मामा पुढेच बसला होता, हळदीने हात भरलेले.

लग्न झालं. रुपाली चिखलोलीला गेली. थोड्या दिवसांनी मी एका सकाळी मामाकडे गेलो. सगळ्या धवल्यांचा पेन ड्राईव्ह त्याला द्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याच्याकडून एक-दोन गोष्टी पक्क्या करून घ्यायच्या होत्या. तो अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसला होता. मीही बसलो सोलायला.

"मामा, त्या दिवशी तू दाराशी कधी येऊन उभा राहिलास?"

"गाना चालू झाला तवाच."

म्हणजे आम्ही फाईल लावल्यापासून. टीव्ही लावून तो लगेच उठून आला होता. हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. दार लोटलेलं, रुपालीची दाराकडे पाठ. मी मनातल्या मनात पुन्हा सगळं मांडून बघत होतो. कोणाची सावली, पावलांचा आवाज, काहीतरी.

"आणि एवढा वेळ बाहेरच उभा राहिलास? आत का नाही आलास?"

मामाने हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतोय.

"कोनी बोलवला नवता ना," तो म्हणाला. "बोलवल्यावर आलो."